भीती कुणाची राखण करते

सोमवार, ४ ऑगस्ट

सप्रेम नमस्कार.

मायना काय लिहावा ते सुचलं नाही, म्हणून बँकेला लिहितात तसा लिहिला. फोन तू उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस. पत्र निदान परत तरी येईल, म्हणजे पत्ता बरोबर होता की नाही एवढं कळेल.

एकच विचारायचं आहे. ती मुलगी तू पाठवली आहेस का?

कुठली मुलगी, असं म्हणू नकोस. यंदाच्या बालसमुपदेशनाच्या तुकडीतली. शेवटच्या रांगेत खिडकीशी बसते, विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तरी तीन शब्दांच्या वर जात नाही. मी मनातल्या मनात तिचं नाव घुमी ठेवलंय. बाकीच्यांचं मला कळतं. एक पंधरा वर्षं शाळेत शिकवून कंटाळलेल्या बाई आहेत, एक नर्स आहे, एक नुकताच पदवी घेतलेला शहाणा आहे ज्याला सगळं आधीच माहीत असतं. हिचं मात्र काही कळत नाही.

पहिल्याच तासाला मी नेहमीप्रमाणे फळ्यावर चार गोल काढले. विचार, भावना, शरीर, कृती. मुलाला वाटतं कुत्रा चावेल, छाती धडधडते, तो रस्ता बदलतो, आणि रस्ता बदलला म्हणूनच वाचलो अशी त्याची खात्री पटते. मग दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट. हे चक्र कुठे तोडायचं ते शिकायला तुम्ही इथे आला आहात, वगैरे. तू हे माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहेस की झोपेतही म्हणशील. मग विचारलं, "घाबरलेलं मूल समोर बसलं. पहिला प्रश्न कोणता?" शहाणा म्हणाला, "दहापैकी किती भीती वाटते?" नर्स म्हणाली, "कशाची वाटते?" मी मागे बोट केलं. घुमी उभी राहिली आणि म्हणाली, "आधी भीतीलाच विचारायचं, तू कुणाची राखण करतेस?"

हे वाक्य तुझं आहे. ते कुठल्याही पुस्तकात नाही, आपल्या टिपणांतही नाही, कारण टिपणं मी काढायचे आणि तू नुसती बोलायचीस. मुलांच्या खोलीत, दार लावून बोलायचीस. निरीक्षणाच्या काचेपलीकडे बसून ते ऐकणारी मी एकटी होते.

"कुठे वाचलंस हे?" मी विचारलं.

"वाचलं नाही, मॅडम."

"मग?"

"असंच."

असंच! वाक्यं काय झाडाला लागतात?

मी भांडायला लिहीत नाही. तू गेलीस, ठीक आहे. ज्या महिन्यात अभ्यासक्रमाचं प्रमुखपद माझ्याकडे आलं नेमक्या त्याच महिन्यात तुझे वडील आजारी पडले, हेही ठीक आहे. ज्या वडिलांशी तू अर्धं आयुष्य अबोला धरलास त्यांच्या सेवेला निघालीस, यावर शेंबडं पोरही हसलं असतं. मी हसले नाही. पण माझ्या वर्गात माणूस पेरून ठेवायचा असेल तर तसं सांग. चोरून कशाला?

उत्तर दे.


गुरुवार, २१ ऑगस्ट

उत्तर नाही. पत्रही परत आलं नाही. म्हणजे पोचलं, आणि तू वाचलंस.

मागच्या पत्रानंतर लगेच तिच्या हातात पहिलं मूल दिलं. नियम तुला माहीत आहेत, पण सवय म्हणून लिहिते: प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग, आठवड्यातून एकदा माझ्यासमोर बसून ते ऐकणं, आणि मी विचारीन त्याला उत्तर. नावं मी इथेही लिहिणार नाही, तेवढं भान आहे. मुलीला छोटी म्हणू.

छोटी नऊ वर्षांची. शाळेत जात नाही. म्हणजे खरं तर रोज जाते, आणि तीच तर गंमत आहे. तिची आई शाळेची व्हॅन चालवते. नवरा नाही, मुलगी आणि ती, दोघीच. छोटी रोज गणवेश घालून, वेणी घालून, आईशेजारच्या सीटवर बसून शाळेच्या फाटकापर्यंत येते. बाकीची पोरं उतरतात, ही उतरत नाही. ओढलं तर सीटचा पट्टा धरून ठेवते. मग आईबरोबर रिकाम्या व्हॅनमधून घरी, आणि दुपारी पुन्हा आईबरोबर पोरं आणायला. मार्चपासून हे असंच. शाळेने आमच्याकडे पाठवलं: आईला सोडवत नाही, बाकी मुलगी हुशार.

आपल्या कामातलं सोपं उदाहरण. भीतीची शिडी करायची. पहिली पायरी, फाटकाशी खाली उतरून उभं राहायचं. दुसरी, आवारात जायचं. एक-एक पायरी, घाई नाही. त्याआधी भीतीच्या मागचा विचार पकडायचा आणि त्याचा पुरावा तपासायचा.

मी पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं. उत्तम. दुसरं ऐकलं. त्याहून उत्तम. तिसऱ्याला माझ्या मनात पाल चुकचुकली.

घुमी विचारते, "शाळेत गेलीस तर काय होईल असं वाटतं?" छोटी म्हणते, "घरी आईला काहीतरी होईल. पण तो फक्त विचार आहे." घुमी म्हणते, "पुरावा?" छोटी म्हणते, "पुरावा काही नाही. विचार म्हणजे खरं नसतं." मग भीतीचा थर्मामीटर. आधी आठ, मग सहा, मग तीन. इतक्या शिस्तीत उतरतो की जणू लिफ्टच.

वीस वर्षांत असं मूल मी पाहिलेलं नाही. मुलं "माहीत नाही" म्हणतात, खुर्चीखाली जातात, मधेच विचारतात तुमच्या घरी मांजर आहे का. ही मात्र आमची टिपणं पाठ केल्यासारखी बोलते. आणि थर्मामीटर तीनवर असताना दुसऱ्या दिवशी व्हॅनमधून उतरते का? नाही! सीटचा पट्टा घट्ट.

"हे तू पढवलंस का?" मी घुमीला सरळ विचारलं.

तिने वही मिटली. मग म्हणाली, "मी नाही पढवलं. पण पढवलेलं आहे, हे मलाही वाटतंय."

उत्तर बघ कसं सुळसुळीत आहे! मान्यही केलं आणि अंगालाही लावून घेतलं नाही. मला तुझी आठवण झाली, आणि ती काही चांगल्या अर्थाने नव्हे.

तिच्या चौथ्या बैठकीत तर कहरच. सगळी शिडी बाजूला ठेवून हिने त्या पोरीला विचारलं, "आणि समज, तो नुसता विचार नसेल तर? तुझी भीती कुणाची राखण करतेय?" त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंख्याचा आवाज आहे. शेवटी छोटी म्हणते, "मला आईकडे जायचंय."

म्हणजे चार बैठकांचं काम पाण्यात. भीतीला खतपाणी घालायचं नसतं हे मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. वर्गात सगळ्यांसमोर तिला सुनावलं. शाळेच्या बाईंना वाईट वाटलेलं दिसलं. घुमीला वाटलं की नाही, देव जाणे. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणून दिसत नाही.


शनिवार, ६ सप्टेंबर

पाणी कुठे मुरतंय ते कळलं.

काल सकाळी मी लवकर निघाले होते. केंद्राच्या कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे पिवळी व्हॅन थांबली. आणि व्हॅनमधून कोण उतरावं? घुमी. पाठीला पिशवी, हातात पाण्याची बाटली, सहलीहून आल्यासारखी. चालकाच्या जागेवर छोटीची आई, शेजारी छोटी. आई काहीतरी म्हणाली आणि घुमी हसली. आमच्या वर्गात जी बाई दात दाखवत नाही, ती तिथे रस्त्यावर उभी राहून हसत होती.

मी झेरॉक्सवाल्याच्या आडोशाला उभी राहिले. या वयात मी लपून बघत होते, कुणामुळे ते तुला माहीत आहे.

उपचार घेणाऱ्या कुटुंबाच्या गाडीतून फिरायचं नाही, त्यांच्याशी मैत्री करायची नाही, हे तू आणि मी मिळूनच नियमांत लिहिलं होतं. पहिल्याच पानावर आहे. आता सगळं जुळलं. आई आणि घुमी आधीपासून एकमेकींना ओळखतात. पोरीला घरी बसवून उत्तरं पढवतात. रेकॉर्डिंग छान होतं, घुमी पास होते. आणि आईला काय मिळतं? ते अजून कळलेलं नाही, पण कळेल.

आणि दुसरी गोष्ट. दुपारी जिन्यात ती फोनवर बोलत होती. मी वरच्या वळणावर होते. "हो मॅडम," म्हणाली. "रात्री झोपले का ते? पुन्हा दाराशी गेले होते?" मग बराच वेळ नुसतं हं हं. शेवटी म्हणाली, "नाही मॅडम, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही."

ती मॅडम म्हणेल अशा जगात दोघीच आहेत. एक मी, आणि मी तर जिन्यात उभी होते.

"त्यांना" म्हणजे मला, हे उघड आहे. माझा फोन उचलायला तुला वेळ नाही, आणि तिच्याशी दुपारी जिन्यात गप्पा! "झोपले का ते, दाराशी गेले का ते" ही काय सांकेतिक भाषा आहे? कोण ते? आमचे संचालक? त्यांच्यावरही पहारा ठेवलाय का? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे खरं. पण हे ताक नाही. हे उकळतं दूध आहे.

मी संचालकांकडे गेले आणि तिला अभ्यासक्रमातून काढावं असं सांगितलं. ते म्हणाले, "आधी तिचं ऐकून घ्या." तेही तुझ्याच बाजूचे, हे मला पूर्वीपासून वाटत आलंय. सोमवारी तिला बोलावलंय.

हे तुला आधी कळवतेय. मागून माझ्या नावाने बोटं मोडू नकोस.


मंगळवार, ९ सप्टेंबर

काल जे झालं ते आधी सांगते. राग-बिग नंतर.

घुमी दहाला आली. मी दार लावलं आणि म्हटलं, "शुक्रवारी सकाळी व्हॅनमधून उतरताना मी तुला बघितलंय. आता खोटं बोलू नकोस."

ती म्हणाली, "बरं झालं बघितलंत. मी आज सांगणारच होते. बसून बोलू का?"

बसली. बाटलीतलं पाणी प्यायली. 

"मॅडम, छोटीची भीती खोटी नाही," ती म्हणाली. "तिची आई गाडी चालवताना हरवते."

"हरवते म्हणजे?"

"नजर एकदम थिजते. हात स्टिअरिंगवर तसाच. ओठ चावल्यासारखे हलतात. हाक मारली तर ऐकू येत नाही. थोड्या वेळाने आपोआप परत येते आणि तिला काही आठवत नाही. मी नर्सताईंना विचारलं, कुणाचं ते न सांगता. त्या म्हणाल्या, असं मिरगीत होतं. झटका येऊन प्रत्येक माणूस पडतोच असं नाही."

 ती बोलत राहिली. तीन शब्दांच्या पुढे न जाणारी ती.

मार्चमध्ये एका संध्याकाळी पोरं सोडून परत येताना व्हॅन फुटपाथवर चढून खांबाला लागली. गाडीत दोघीच होत्या. आईने सगळ्यांना सांगितलं, कुत्रं आडवं आलं. छोटीने बघितलं होतं की कुत्रं-बित्रं काही नव्हतं. आई नुसती समोर बघत होती. त्या दिवसापासून छोटी गाडीतून उतरत नाही. शेजारी बसते, समोर बघते. आई थिजली की तिच्या मांडीवर हात मारते आणि म्हणते, "आई, हिरवा लागला. आई, बाजूला घे." मागे बसलेल्या पोरांना वाटतं, हा त्यांचा खेळ आहे.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"आधी कुणी नाही. चौथ्या बैठकीला मी तो प्रश्न विचारला ना, तेव्हा तिने, बाहेर आई बसली होती त्या दाराकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. शाळा सुटायची वेळ होत आली होती. मला वाटलं, हिला आईजवळ राहायचं नाहीये, हिला गाडीत असायचंय. म्हणून तिच्या आईला म्हटलं, एकदा मला तुमच्याबरोबर फेरी मारू द्या, छोटी फाटकाशी काय करते ते बघायचंय. तीन दिवस काही झालं नाही. शुक्रवारी उड्डाणपुलाखालच्या चौकात झालं. मागे बारा पोरं होती, मॅडम."

"आणि तू खाली उतरून हसत होतीस?"

"आईने विनोद केला म्हणून हसले. मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नव्हतं. तिथे चौकात, पोरं गाडीत असताना काही बोलले असते तर ती घाबरली असती, आणि पोरं उतरल्यावर छोटी समोर होती. शनिवारी घरी गेले. मार्चचं तेव्हा दोघींकडून कळलं, आणि आईने पाय धरले. म्हणाली, कुणाला सांगू नका, परवाना जाईल. मीच मोबाइलवर बघून छोटीकडून उत्तरं पाठ करून घेते, म्हणाली, म्हणजे तुम्ही लोक लवकर सोडाल. पोरीला बिचारीला वाटतं, नीट उत्तरं दिली तर कुणी आईला काही विचारणार नाही."

मी विचारलं, "मग शनिवारीच मला का नाही सांगितलंस?"

ती बाटलीचं झाकण फिरवत बसली. मग म्हणाली, "तुम्ही वर्गात म्हणाला होतात, भीतीला खतपाणी घालू नका. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही."

घड्याळात बघितलं. दुपारची शाळा सुटायला अजून वेळ होता. मी पर्स उचलली, संचालकांना जाता-जाता सांगितलं, शाळेच्या मुख्याध्यापिकेला फोन केला की आज पोरांना दुसऱ्या गाडीने सोडायची सोय करा, कारण भेटीत सांगते. आणि आम्ही दोघी छोटीच्या घरी गेलो.

दोन खोल्या, लख्ख. दारात व्हॅन उभी. आई काच पुसत होती. घुमीला बघून तिला कळलं. तिने ओरडाआरडा केला नाही. ती घुमीकडे बघून एवढंच म्हणाली, "माझ्या गाडीत बसून पोटात शिरलात. आता पोटावर पाय देताय."

घुमीने मान खाली घातली. मी म्हटलं, "तिने नाही, मी देतेय. चावी द्या."

"मला काही होत नाही. झोप कमी झाली की जरा तंद्री लागते."

"आज लागली तर?"

"छोटी असते ना शेजारी."

हे तिने इतक्या सहज म्हटलं की तिलाच ते ऐकू आलं आणि ती थांबली. आतून छोटी दारात आली होती. पायात शाळेचे बूट, दुपारच्या फेरीला तयार. तिने आईच्या हातातल्या चावीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

आई म्हणाली, "बाळा, तुला भीती वाटते का गं गाडीत?"

छोटीने सवयीने सुरुवात केली, "तो फक्त विचार आहे, पुरावा नाही," आणि मधेच तिचा चेहरा वाकडा झाला. "आई, मला खूप झोप येते," ती म्हणाली. "मला सारखं बघत बसावं लागतं."

आई पायरीवर बसली. चावी तिने माझ्या हातात नाही दिली, शेजारी फरशीवर ठेवली. मी उचलली.

शाळेशी बोलले. पोरं दुसऱ्या गाडीने घरी गेली. मी स्वतः फाटकाशी उभी राहून बघितलं. एकाही आईबापाला काही कळलं नाही, आज ना उद्या कळेल. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. छोटी घुमीशी बोलत नाही. "तुम्ही सांगितलंत," म्हणाली, आणि आत गेली.

परत येताना रिक्षात घुमी रडली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी बाहेर दुकानांच्या पाट्या वाचत होते.

फोनचं मी अजून तिला विचारलेलं नाही. ते प्रकरण मिटलेलं नाही, हे लक्षात ठेव.


रविवार, २१ सप्टेंबर

विचारलं.

शुक्रवारी तास संपल्यावर थांबवून घेतलं. म्हटलं, "व्हॅनच्या बाबतीत मी चुकीचं पकडलं. आता दुसरं सांग. जिन्यात तू जिच्याशी बोलत होतीस ती बाई माझ्या ओळखीची आहे का?"

"हो."

"तिनेच तुला इथे पाठवलं?"

"हो."

बघ! मी म्हटलंच होतं. क्षणभर मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला पाहिजे. मग ती म्हणाली, "मी अकरा वर्षांची असताना इथेच येत होते, मॅडम. खालच्या मजल्यावरच्या खोलीत. मॅडमकडे."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. इतक्या काळजीने, जणू मीच पेशंट.

"तुम्हाला आठवणार नाही. मला हात धुवायची सवय लागली होती. कातडी सोलून निघायची. माझी आजी आजारी होती, मला वाटायचं मी हात धुतले नाहीत तर ती मरेल. सगळे म्हणायचे, वेडेपणा आहे. मॅडमनी विचारलं, तुझी भीती कुणाची राखण करते? मी म्हटलं, आजीची. मग त्या म्हणाल्या, चल, आधी आजी कशी आहे ते बघून येऊ. आणि खरंच आल्या माझ्याबरोबर. दवाखान्यात."

हात धुणारी पोरगी. आठवली गं मला. पांढरे मोजे हातात घालून यायची. काचेपलीकडून मीच तिचे हात न्याहाळायचे, किती लाल आहेत ते.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पेशंट होते हे कळलं तर तुम्ही तसंच बघाल असं वाटलं. मॅडम म्हणाल्या, तुझं आहे, सांगायचं की नाही तू ठरव. मी नाही सांगणार." आणि मग, "या अभ्यासक्रमाला अर्ज करायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले होते. विचारलं, कुठे शिकू? दुसऱ्या शहरात मोठी संस्था आहे तिथे जाऊ का? त्या म्हणाल्या, नको, हिच्याकडेच शीक. ही तुझ्यावर शंका घेईल, तुझ्या प्रत्येक वाक्याला पुरावा मागेल, तुझा जीव नकोसा करेल. पण पोराच्या जिवावर बेतलं तर ही एक मिनिट थांबणार नाही."

मी टेबलावरचे कागद नीट लावायला लागले. ते आधीच नीट होते.

"आणि झोपले का, दाराशी गेले का, ते काय?"

"त्यांचे वडील," घुमी म्हणाली. जणू हे सगळ्या जगाला माहीत आहे. "ते त्यांना ओळखत नाहीत आता. बाई म्हणून हाक मारतात. तुम्ही कधी जाणार, माझी मुलगी यायची आहे, असं म्हणतात. रात्री उठून दाराशी जातात, मुलीला आणायला. फोन वाजला की बिथरतात, म्हणून मॅडम फोन बंद ठेवतात. दुपारी ते झोपले की मला करतात."

मी घरी आले. जेवले नाही. तुझ्यावर इतकी वर्षं केलेले सगळे तर्क एकेक करून काढून बघितले. पदाचा, संचालकांचा, हेव्याचा. फार मेहनत घेतली होती गं मी त्यांच्यावर. तुझं कारण तू मला जाताना तोंडावर सांगितलं होतंस, आणि तेच तेवढं मी तपासून बघितलं नव्हतं.

तरी एक विचारते. दुपारी ते झोपतात तेव्हा तू तिला फोन करतेस. मला का नाही केलास?


रविवार, १२ ऑक्टोबर

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. "तुला केला असता तर तू विचारलं असतंस, खरंच वडील आहेत का शेजारी. आणि मला तेव्हा ते सोसलं नसतं." वाचलं. पुन्हा वाचलं. उत्तर देण्यासारखं त्यात काही नाही. मी विचारलंच असतं.

आता इथल्या बातम्या. छोटीच्या आईचं निदान झालं, गोळ्या सुरू आहेत. परवाना जमा झाला, परत कधी ते डॉक्टर सांगतील. मुख्याध्यापिकेने तिला दुसऱ्या व्हॅनमध्ये पोरं चढवायच्या-उतरवायच्या कामाला घेतलंय. मला ती रस्त्यात दिसली, मान फिरवून गेली. फिरवू दे. पगार कमी झालाय आणि माझ्यामुळे झालाय, तिने ओवाळावं अशी अपेक्षा नाही.

छोटी शाळेत जाते. गेल्या आठवड्यात वर्गशिक्षिकेने तिला वर्गाबाहेर उभं केलं. कारण विचारलं तर म्हणे, बाकावर डोकं ठेवून घोरत होती, आणि उठवलं तर शेजारणीशी बडबड. घुमीने हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो की शहाणा आत डोकावून गेला. घुमीशी ती पोरगी अजून फुरंगटूनच आहे, पण येते. खेळते. थर्मामीटर किती म्हटलं तर परवा म्हणाली, "माहीत नाही. तुमच्याकडे मांजर आहे का?"

घुमीला मी या सत्रात पास केलेलं नाही. परवानगीशिवाय पेशंटच्या गाडीत बसली, आणि कळल्यावर सोमवारपर्यंत गप्प राहिली. शुक्रवारची दुपारची आणि सोमवारची सकाळची फेरी काही न होता पार पडली हे आमचं नशीब. सहा महिने पुन्हा माझ्या हाताखाली काढायचे. तिने वाद घातला नाही. उलट खूश दिसली, त्यामुळे मला शंका आहे की तिला हेच हवं होतं. पुढच्या तुकडीला पहिल्या तासाला काय शिकवायचं ते मी बदललंय. पुरावा तपासायचा म्हणजे विचार खोटा पाडायचा असं नव्हे, हे आधी. चार गोल नंतर.

आणि हे मुद्दाम शेवटी लिहितेय, म्हणजे तू कार्ड पाठवून नको म्हणेपर्यंत मी निघालेली असेन. मी सुट्टी टाकली आहे. शुक्रवारी संध्याकाळच्या बसने येतेय. पाहुणचार नको, गप्पाही नकोत. ते रात्री उठून दाराशी गेले की मी त्यांच्याबरोबर जाईन. मुलगी कधी येणार म्हणाले तर सांगेन, आली आहे, आत झोपलीय, आवाज करू नका.

तू फक्त झोप.